औषधाचं पुढे काय झालं, ते त्यांनाही सांगा

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक,
राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते,
आणि या महाविद्यालयांच्या नैतिकता समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांस

विषय : क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घेतलेल्या रुग्णांना ट्रायलचा निकाल मराठीतून कळवण्याबाबत

महोदय / महोदया,

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. ट्रायल, म्हणजे औषध किंवा उपचार माणसांवर तपासून पाहणं, म्हटली की प्रमुख संशोधक डॉक्टर असतात, औषध कंपनी असते, संशोधनाला मंजुरी देणारी आपली नैतिकता समिती असते, कंपनीचे मॉनिटर येऊन कागद तपासून जातात. पण रुग्णाशी रोजचा संबंध आमचा. संमतीपत्र वाचून दाखवणं, पुढच्या विझिटची आठवण करून देणं, गोळ्या मोजून घेणं, येण्याजाण्याच्या खर्चाच्या व्हाउचरवर सही घेणं, रात्री ताप आला तर फोन उचलणं, हे सगळं आम्ही करतो. म्हणूनच ट्रायल संपल्यावरही रुग्ण आम्हालाच फोन करतात आणि विचारतात, "मॅडम, त्या औषधाचं पुढे काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळण्याची कोणतीही व्यवस्था बहुतेक ठिकाणी नाही. ती करणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मधुमेहाच्या एका ट्रायलमध्ये इंदापूरकडचे एक शेतकरी होते. उपाशीपोटी रक्त द्यायचं असायचं, त्यामुळे पहाटेची एसटी धरून चहासुद्धा न घेता यायचे. गोळ्यांची रिकामी पाकिटं परत आणावी लागतात, कारण किती दिल्या, किती घेतल्या, किती उरल्या याचा हिशेब जुळावा लागतो. ते ती पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीतून आणायचे. एकदा एका गोळीचा मेळ बसेना. रानात पाणी पिताना हातातून पडली आणि मातीत सापडली नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. वर म्हणाले, "तसं लिहून ठेवा. माझ्यापायी तुमचा हिशेब चुकायला नको." ज्या आकड्यांच्या जोरावर पुढे शोधनिबंध छापले जातात आणि औषधांना परवाने मिळतात, ते आकडे अशा माणसांच्या सचोटीवर उभे असतात.

त्या ट्रायलमध्ये काहींना खरं औषध आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी होती, आणि कुणाला काय हे आधी सांगत नाहीत. शेवटच्या विझिटला त्यांनी विचारलं, "माझ्या डब्यात औषध होतं, का नुसतीच गोळी?" मी सांगितलं की ते आत्ता मलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही, सगळ्या केंद्रांचं काम संपलं की कळेल. नंतर आमच्या केंद्राचं क्लोज-आउट झालं, म्हणजे काम बंद झालं, आणि कागदांची खोकी सील होऊन अर्काइव्हला गेली. कुणाला कळेल, कधी कळेल, कोण कळवणार, हे त्या खोक्यांतल्या एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं. निकाल यथावकाश एका इंग्रजी नियतकालिकात आला. त्या गृहस्थांचा दिवाळीला शुभेच्छांचा फोन यायचा, आणि फोनच्या शेवटी तोच प्रश्न असायचा.

यात एखाद्या डॉक्टरचा किंवा एखाद्या कंपनीचा हलगर्जीपणा शोधायला गेलं तर फारसं हाती लागणार नाही. व्यवस्थाच अशी आहे. गोपनीयतेच्या नियमांमुळे स्पॉन्सरकडे, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीकडे, रुग्णाचं नाव जात नाही, जातो तो फक्त सांकेतिक क्रमांक. त्यामुळे निकाल हाती असलेल्या कंपनीला कळवायचं कुणाला हे माहीत नसतं. नावपत्त्यांची यादी फक्त रुग्णालयात असते, पण तिथे कळवायला कुणी उरलेलं नसतं. सरकारी महाविद्यालयात प्रमुख संशोधकांची बदली होते. आम्ही कोऑर्डिनेटर तर कंत्राटावर. ट्रायल संपली की आमचं कंत्राट संपतं, आणि रुग्णाला दिलेला मोबाइल नंबरही बंद होतो. करारनाम्याच्या खर्चपत्रकात विझिटचे पैसे असतात, तपासण्यांचे असतात, कुरिअरचे असतात, खोकी वर्षानुवर्षं सांभाळायचेसुद्धा असतात. रुग्णाला निकाल कळवायचा रकाना मी तरी कधी पाहिलेला नाही. म्हणजे कागद सांभाळायला पैसे आहेत, पण त्या कागदांवर ज्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत त्यांना एक पत्र टाकायला नाहीत.

आपल्याकडे ट्रायलचे नियम कडक झाले ते मोठी किंमत मोजून. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याच काळात सर्वोच्च न्यायालयात ट्रायलमधल्या मृत्यूंचा प्रश्न गेला. पुढे भरपाईचे नियम आले, नैतिकता समित्यांची नोंदणी सक्तीची झाली, संमती घेतानाचं चित्रीकरण आलं. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत हे सगळं एकत्र बांधलं गेलं. समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे, त्यात एक सामान्य माणूस आणि किमान एक स्त्री. इजा झाली तर उपचार कोण करणार, मृत्यू झाला तर भरपाई कोणत्या सूत्राने काढायची, सारं लिहिलेलं आहे. हे झालं ते फार चांगलं झालं. माझ्या रोजच्या कामात त्या नियमांचा आधार वाटतो. पण आत येण्याच्या दारावर एवढा पहारा आणि बाहेर पडण्याच्या दाराशी कुणीच नाही, अशी आपली गत झाली आहे. निकाल कळवण्यासाठी या नियमांत कुठलीही मुदत घातलेली नाही.

तत्त्व मात्र नवं नाही. प्रोटोकॉलच्या, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्याच्या, सुरुवातीला ज्या हेलसिंकी जाहीरनाम्याचा (माणसांवरच्या संशोधनाची जागतिक नैतिक तत्त्वं) हवाला दिला जातो, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे की संशोधनाचं फलित आणि निकाल जाणून घेण्याचा पर्याय प्रत्येक सहभागी व्यक्तीला दिला पाहिजे. युरोपीय संघाने तर ते कायद्यात घातलं. तिथल्या २०१४ च्या क्लिनिकल ट्रायल कायद्यानुसार ट्रायल संपल्यापासून एका वर्षात निकालाचा सारांश सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. ३१ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. आपल्याकडे ट्रायलची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे आणि १५ जून २००९ पासून तिथे नोंद सक्तीची आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण ती नोंदवही इंग्रजीत आहे, आणि इंदापूरचा शेतकरी तिथे आपली ट्रायल शोधायला जाणार नाही.

निकाल कळणं म्हणजे नुसतं कुतूहल शमणं, असं कुणाला वाटत असेल तर दोन उदाहरणं सांगते.

एचआयव्हीसह जगणाऱ्या गरोदर स्त्रियांना क्षयरोग होऊ नये म्हणून आयसोनियाझिडच्या गोळ्या गरोदरपणातच सुरू कराव्यात की बाळंतपणानंतर, हे पाहण्यासाठी आठ देशांत एक ट्रायल झाली. भारतातून पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय त्यात होतं. ९५६ स्त्रियांनी भाग घेतला. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. गरोदरपणातच गोळ्या सुरू केलेल्या गटात गर्भपात, मृत बाळ जन्मणं, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचं बाळ किंवा जन्मजात व्यंग यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण २३.६ टक्के निघालं, तर नंतर सुरू केलेल्या गटात १७ टक्के. हे अतिशय मोलाचं संशोधन आहे. त्याआधी गरोदर स्त्रियांना अशा ट्रायलमध्ये सहसा घेत नसत आणि गोळ्या मात्र अंदाजाने देत. पण अशा निकालाकडे त्या ९५६ जणींपैकी एखादीच्या जागी बसून पाहा. ज्या बाईचं मूल पोटात गेलं, तिला आपल्या घरांत काय ऐकावं लागतं हे आपण जाणता. कुठे पाय घसरला, काय खाल्लं, कुणाची नजर लागली, सगळा दोष तिच्यावर. एका बाईच्या बाबतीत कारण गोळीच होतं असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तसं सांगूही नये. पण "तुझ्या हातून काही चुकलं असं नाही, या गोळ्यांबद्दल आता आम्हाला असं दिसलंय," एवढं तिच्याशी शांतपणे बोलणारं कुणी असावं की नाही? शिवाय ती पुन्हा गरोदर राहिली तर डॉक्टरला काय विचारायचं, हे तिला माहीत असायला हवं.

दुसरं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णांना देण्याची ट्रायल केली. देशभरातली ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल छापून आला. प्लाझ्मा दिलेल्यांत आजार गंभीर होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण १९ टक्के, न दिलेल्यांत १८. म्हणजे उपयोग नाही. जगातल्या या विषयावरच्या सुरुवातीच्या नीट ट्रायलपैकी ती एक, आणि आपल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी ऐन धुमश्चक्रीत पार पाडलेली. त्यानंतर सहा महिन्यांनी दुसरी लाट आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये आपले फोन प्लाझ्मा शोधणाऱ्या मेसेजनी भरून गेले. रक्तगट, रुग्णालयाचं नाव, "अत्यंत तातडीचे". लोकांनी रात्ररात्र दाते शोधले, दागिने मोडले. राष्ट्रीय उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ ला. निकाल मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये, त्या ४६४ घरांपासून सुरुवात करून सांगितला असता तर सगळी धावपळ थांबली असती असं मी म्हणत नाही. पण निदान काही शे घरांत ठामपणे "आमच्यावर हे करून पाहिलंय, उपयोग होत नाही" म्हणणारं माणूस असतं, आणि गल्लीत अशा माणसाचं ऐकतात.

जे निकाल चांगले येतात, तेही ज्यांच्यामुळे आले त्यांना कळत नाहीत, याचंही वाईट वाटतं. परळच्या टाटा मेमोरियलने तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत मानेतल्या गाठी लगेच काढाव्यात की वाट पाहावी, या अनेक दशकांच्या वादाचा २०१५ मध्ये निकाल लावला. लगेच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. जगभरातले सर्जन आता त्या आधारावर निर्णय घेतात, आणि तो आधार तयार झाला तो तंबाखूने तोंड पोळलेल्या आपल्याकडच्या पाचशे रुग्णांमुळे. पुढे तिथेच निव्होलुमॅब या भयंकर महाग औषधाची नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे वीस मिलिग्रॅमची मात्रा १५१ रुग्णांच्या ट्रायलमध्ये तपासली गेली. बळावलेल्या तोंड-घशाच्या कर्करोगात एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. पैशाअभावी ज्यांना हे औषध स्वप्नातही परवडलं नसतं, त्यांच्यासाठी एक वाट उघडली. या दोन्ही ट्रायलमध्ये ज्यांच्या वाट्याला मागे पडलेला गट आला, त्यांच्या घरच्यांचा विचार मनातून जात नाही. आपला माणूस गेला, पण त्याच्यामुळे मागून येणाऱ्यांचे उपचार बदलले, हे त्या मुलाला, त्या बायकोला कुणीतरी सांगायला हवं.

आता आपल्याकडून येणारे आक्षेप. पहिला नेहमीचा, रुग्णांना समजत नाही. याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. वीस-वीस पानांचं संमतीपत्र ज्यांना समजलं असं आपण लेखी नोंदवून घेतो, त्यांनाच एका पानाचा निकाल समजणार नाही, हे कसं? "तुमच्यासारख्या इतक्या लोकांना हे औषध दिलं, इतक्यांना दिलं नाही, हा फरक पडला, हा त्रास दिसला, तुमच्या डब्यात हे होतं, आता तुम्ही हे करा." यापलीकडे लिहायचं काय आहे?

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि तो रास्त आहे. एचआयव्ही, क्षयरोग, मनोविकार यांच्या ट्रायलमधल्या माणसाच्या घरी रुग्णालयाचा शिक्का असलेलं पाकीट गेलं तर संसार मोडू शकतो. म्हणून निकाल कळवून घ्यायचा की नाही आणि कसा, हे संमतीच्या वेळीच विचारायला हवं. फोनवर, टपालाने, पुढच्या ओपीडीत समोरासमोर, की नको. रुग्ण हयात नसेल तर कुणाला सांगायचं, हेही त्याच वेळी विचारावं. प्रश्न अवघड वाटतो, पण कर्करोगाचे रुग्ण त्याचं उत्तर आपल्यापेक्षा सहजपणे देतात.

निकाल छापून येण्याआधी फोडता येत नाही, हेही मान्य. छापून आल्यावर सांगा. आणि कंपनीने ट्रायल मध्येच थांबवली, निबंध कधी आलाच नाही, तर तेवढं तरी सांगा. मध्येच थांबलेल्या ट्रायलमधले रुग्ण सगळ्यांत जास्त घाबरलेले असतात, कारण त्यांना वाटतं की काहीतरी भयंकर घडलं आणि आपल्यापासून लपवलं. "तुझ्यावर प्रयोग केला म्हणे" हे वाक्य गावात तिथूनच सुरू होतं, आणि पुढच्या ट्रायलला त्या गावातून कुणी येत नाही.

कळवणं अशक्य आहे, असं तर म्हणताच येणार नाही. कोविड लशींच्या ट्रायलमध्ये ज्यांना प्लासिबो (लस नसलेलं इंजेक्शन) मिळाला होता, त्यांना ते सांगून खरी लस देण्यात आली. याद्या काढल्या, फोन केले, लोकांना बोलावून घेतलं. करायचं ठरवलं तेव्हा झालं.

म्हणून माझी नैतिकता समित्यांना विनंती आहे की निकाल सहभागींपर्यंत कसा पोचवणार याचा लेखी आराखडा नसलेला प्रोटोकॉल मंजूर करू नये, आणि त्या खर्चाचा रकाना करारनाम्यात आहे का ते पाहावं. संशोधक जो अंतिम अहवाल आपल्याकडे सादर करतात, त्यात एक ओळ वाढवावी : किती जणांना निकाल कळवला, किती जणांपर्यंत पोचता आलं नाही. अधिष्ठात्यांनी महाविद्यालयाच्या नावाने एक कायमचा फोन नंबर आणि तो उचलणारं एक कायम पदावरचं माणूस द्यावं. संमतीपत्रावर माझा नंबर नको, संस्थेचा हवा. मी उद्या इथे नसेन, संस्था असेल. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या ठिकाणी मराठी पत्रानेही भागणार नाही. तिथे पावरीत, गोंडीत, माडियात बोलणारं माणूस फोनवर लागेल, आणि असं माणूस रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांत बहुतेकदा सापडतं.

कुलगुरूंना थोडं वेगळं सांगायचं आहे. कंपन्यांच्या ट्रायल मोजक्याच महाविद्यालयांत होतात, पण प्रबंध सगळीकडे होतात. प्रत्येक एमडी, एमएसच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग, सगळे आपल्याच विद्यापीठाखाली येतात. त्या प्रत्येक प्रबंधामागे वॉर्डातले, ओपीडीतले रुग्ण असतात. कुणी जादा रक्त दिलेलं असतं, कुणी तासभर प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात, आणि बहुतेकांना हेही कळलेलं नसतं की आपण डॉक्टरच्या परीक्षेला मदत केली. विद्यापीठाने एवढाच नियम करावा की प्रबंधासोबत एक पान सोप्या मराठीतलं जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारला जाणार नाही, आणि ते पान त्या विभागाच्या ओपीडीबाहेर वर्षभर लावलं जाईल. सर्पदंशावर, सिकलसेलवर, रक्तक्षयावर, बाळंतिणींच्या रक्तदाबावर आपली मुलं किती काम करतात, ते ग्रंथालयाच्या कपाटांत पडून राहतं. बाकावर नंबरची वाट पाहत बसलेल्या बाईने ते वाचलं तर तिचा फायदा आहेच, त्या विद्यार्थ्याचाही आहे. जे आपल्याला एका पानात सांगता येत नाही ते आपल्यालाच नीट कळलेलं नाही, हे त्याला प्रबंध बांधायला टाकण्याआधी समजेल. चांगले मार्गदर्शक आजही हे करून घेतात. नियम झाला तर सगळ्यांकडून होईल.

शेवटी, जुन्या ट्रायलबद्दल. कागद किमान पाच वर्षं जपण्याचं बंधन आपल्यावर आहे. मुदत संपली की खोकी नष्ट करण्याची परवानगी मागणारं पत्र नैतिकता समितीसमोर येतं, आणि ते सहसा चर्चेशिवाय मंजूर होतं. त्या खोक्यांत सांकेतिक क्रमांक आणि नावं जोडणारी एकुलती एक यादी असते. ती गेली की त्या माणसांपर्यंत पोचण्याचा मार्ग कायमचा बंद होतो. तेव्हा असं पत्र पुढच्या वेळी आलं की सही करण्याआधी संशोधकाला विचारा, यातल्या लोकांना निकाल कळवला का? नसेल तर तीन महिन्यांची मुदत द्या आणि मग सही करा. एका पानाच्या मराठी सारांशाचा नमुना आणि फोनवर काय बोलायचं याचा मसुदा आम्ही काही कोऑर्डिनेटरनी मिळून तयार केला आहे. कोणतीही समिती मागेल तर तो लगेच पाठवू.

आपली,
पुणे जिल्ह्यातील एक क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर